गोविंदसागरचे उतरते पाणी

2025 च्या एप्रिल-मे महिन्यांत भाक्रा धरणाच्या पाण्यावरून पंजाब आणि हरियाणा ही दोन राज्ये समोरासमोर उभी ठाकली. हरियाणाने 8,500 क्युसेक पाणी मागितले. पंजाबने 4,000 क्युसेकच्या पुढे जाण्यास नकार दिला. नांगल येथे पोलीस बंदोबस्त लागला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, दोन्ही राज्यांत सर्वपक्षीय बैठका झाल्या. 21 मे रोजी पाण्याचे नवे वर्ष सुरू झाले आणि वाद, निदान त्या हंगामापुरता, ओसरला. या साऱ्या गदारोळात पाण्याचा हिशेब क्युसेक, एकर-फूट आणि टक्केवारी यांत मांडला जात होता. लोकशाहीत असा हिशेब उघडपणे मांडला जातो, हे चांगलेच आहे. मात्र ज्या जलाशयातून हे पाणी काढायचे, त्याच्या काठावर राहणाऱ्यांचा आणि त्याच्या पोटात वाढणाऱ्या माशांचा उल्लेख त्या काळातील एकाही निवेदनात माझ्या वाचनात आला नाही.

मी प्रशासकीय सेवेत तीन दशकांहून अधिक काळ घालवला. त्यातील काही वर्षे जलाशयांच्या आढावा बैठकांत बसण्यात गेली. तेथील कार्यपत्रिका ठरलेली असे: आजची पातळी, गतवर्षीची पातळी, आवक, विसर्ग, सिंचनाची मागणी, विजेची मागणी. मत्स्यव्यवसाय खात्याचा अधिकारी बैठकीस आलाच, तर तो मागच्या रांगेत बसे आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याला मत्स्यबीज किती सोडले एवढेच विचारले जाई. पाणी केव्हा आणि किती वेगाने उतरणार आहे, याच्याशी त्याच्या कामाचा संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नसे. वास्तविक तो संबंध अत्यंत निकटचा आहे. भाक्राच्या मागे पसरलेला गोविंदसागर हे त्याचे कदाचित सर्वांत बोलके उदाहरण.

पाण्याचे पंचांग

सतलज नदीवर 226 मीटर उंचीची भिंत घालून अडवलेल्या या जलाशयाची साठवणक्षमता सुमारे 9.3 अब्ज घनमीटर, म्हणजे ढोबळमानाने कोयनेच्या तिप्पट आहे. पूर्ण भरल्यावर तो जवळपास 168 चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो. भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळाच्या पंचांगात वर्षाचे दोन भाग पडतात. 21 मे ते 20 सप्टेंबर हा भरण्याचा काळ, आणि 21 सप्टेंबर ते 20 मे हा रिकामे होण्याचा काळ. उन्हाळ्यात तिबेट आणि किन्नौरकडील हिम वितळते, पाठोपाठ पावसाळा येतो आणि पातळी चढते. पुढे आठ महिने पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या रब्बीला, शहरांच्या नळांना आणि उत्तरेच्या वीजजाळ्याला पाणी पुरवत ती उतरत जाते.

जलाशयाची पूर्ण संचय पातळी 1,680 फूट आणि किमान पातळी 1,462 फूट आहे. कागदावर हा 218 फुटांचा फरक झाला. प्रत्यक्षात बहुतेक वर्षी पाणी शंभर फुटांच्या आसपास खालीवर होते. 1,680 या आकड्यालाही इतिहास आहे. धरणाची रचना याहून वरच्या पातळीसाठी झालेली होती. 1988 च्या सप्टेंबरमध्ये पाणी 1,687 फुटांच्या वर गेले, दरवाजे उघडावे लागले आणि पंजाबात मोठा विध्वंस झाला. त्यानंतर मर्यादा खाली आणण्यात आली. एका महापुराने, म्हणजे लोकांच्या सोसण्याने आणि रोषाने, पातळीचा नियम बदलला. पातळी हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न नसतो, हे आपण तेव्हाच मान्य केले होते.

बिलासपूर या पहाडी संस्थानाचा कारभार केंद्राने ऑक्टोबर 1948 मध्ये थेट आपल्याकडे घेतला, त्यामागचे एक प्रमुख कारण भाक्रा हेच होते. 1954 मध्ये ते हिमाचल प्रदेशात विलीन झाले आणि 1961 मध्ये त्याचे जुने राजधानीचे गाव पाण्याखाली गेले. 371 गावे बाधित झाली, सुमारे 36 हजार माणसे उठली. त्यांतील अनेकांना हिसार आणि सिरसा भागात जमिनी मिळाल्या, बरेच जण वर डोंगरात सरकले. आजही पाणी उतरले की बिलासपूरच्या सांडू मैदानावर जुन्या मंदिरांची शिखरे गाळातून वर येतात. पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात. स्थानिकांच्या लेखी मात्र तो पाण्याच्या पंचांगातील एक टप्पा असतो. अमुक मंदिराचा कळस दिसला की जाळी कोठे टाकायची, होडी कोठे बांधायची आणि माल कोणत्या वाटेने वर न्यायचा, हे सगळे बदलते.

मासा पातळीकडे कसा पाहतो

नैसर्गिक तळ्यात काठालगतचा उथळ पट्टा सर्वांत सुपीक असतो. तेथे पाणवनस्पती उगवतात, कीटक वाढतात, मासे अंडी घालतात आणि पिल्ले लपतात. ज्या जलाशयाचा काठ दरवर्षी शंभर फूट सरकतो, तेथे असा कायमचा पट्टा तयारच होत नाही. एप्रिलमध्ये जो काठ असतो तो सप्टेंबरमध्ये खोल तळ होतो, आणि सप्टेंबरचा काठ एप्रिलमध्ये कोरडी, भेगाळलेली जमीन.

गोविंदसागरात कॉमन कार्प, म्हणजे आपल्याकडे ज्याला मच्छिमार सायप्रिनस म्हणतात तो मासा, हिवाळा सरता सरता आणि वसंतात उथळ पाण्यात अंडी घालतो. ही अंडी चिकट असतात. ती बुडालेल्या गवताला किंवा काटक्यांना चिकटून राहतात. अंडी फुटायला काही दिवस लागतात, आणि पिल्लांना नीट पोहता येण्यास आणखी काही दिवस. आता साधे गणित करून पाहू. आठ महिन्यांत शंभर फूट पाणी उतरायचे असेल, तर दिवसाला सरासरी पाच इंच पातळी खाली जाते. वीतभर खोल पाण्यात घातलेली अंडी दोन दिवसांत उघडी पडतात. म्हणजे ज्या आठवड्यांत मासा काठाशी येतो, नेमक्या त्याच आठवड्यांत काठ त्याच्या पायाखालून निघून जात असतो.

पावसाळ्यात याच्या उलट घडते. पाणी चढते, काठावरचे गवत आणि झुडपे बुडतात, ती कुजून पाण्यात अन्नद्रव्ये मिसळतात आणि सूक्ष्म प्लवकांची भरभराट होते. सोनेरी महसीर, म्हणजे आपला खडस, याच दिवसांत जलाशयातून निघून डोंगरी खड्डांमध्ये चढतो. खड्ड म्हणजे तेथील ओढे. कटला, रोहू, मृगळ यांनाही वाहते, चढते पाणी लागते. सतलजच्या थंड पाण्यात मात्र त्यांचे प्रजनन बेभरवशाचे आहे, म्हणून त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. हिमाचलात अलीकडच्या वर्षांत 16 जून ते 15 ऑगस्ट अशी दोन महिन्यांची मासेमारीबंदी असते. ती चढत्या पाण्याच्या काळात येते, आणि माशाचे पंचांग व धरणाचे पंचांग येथे, निदान अंशतः, जुळतात. वसंतात मात्र ते जुळत नाहीत, आणि त्या विसंगतीची नोंद कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात होत नाही.

या जलाशयातील माशांचा इतिहासही पातळीच्या तर्काने उलगडतो. 1971 मध्ये बिलासपूरजवळच्या देवळी येथील मत्स्यबीज केंद्रातून सिल्व्हर कार्प, म्हणजे चंदेरा, अपघाताने जलाशयात शिरला. पुढे 1977 मध्ये बियास-सतलज जोडप्रकल्प सुरू झाला. पंडोहहून वळवलेले बियासचे थंड, गढूळ पाणी जलाशयाच्या वरच्या अंगाला सतलजला मिळू लागले आणि पाण्याची प्रकृती पालटली. चंदेऱ्याचे अन्न मोकळ्या पाण्यातील प्लवक. त्याला काठावरच्या वनस्पतींची गरज नाही आणि अंडी चिकटवायला गवतही लागत नाही. सतत सरकणाऱ्या काठाच्या जलाशयात असाच मासा तगणार होता. काही वर्षांतच तो इतर सर्वांना मागे टाकून उत्पादनाचा मुख्य भाग बनला. योजनाकारांनी ज्याची निवड केली नव्हती, त्याची निवड पाणीपातळीने केली.

त्यामुळे उत्पादन वाढले, हेही नमूद केले पाहिजे. व्ही. व्ही. सुगुणन यांनी 1995 मध्ये अन्न व कृषी संघटनेसाठी भारतीय जलाशयांचा जो आढावा घेतला, त्यात मोठ्या जलाशयांची सरासरी हेक्टरी अवघी 11.43 किलो निघाली होती. गोविंदसागर त्या सरासरीच्या कित्येक पट वर होता आणि देशात उदाहरण म्हणून दाखवला जाई. त्याचे श्रेय चंदेऱ्याला जाते तसेच सहकारी संस्थांच्या बांधणीलाही जाते. मच्छिमार संस्थेचे सभासद होतात, मासळी संस्थेच्या उतरणी केंद्रावर जमा होते, विक्री लिलावाने होते आणि सरकार स्वामित्वशुल्क घेते. बंदीच्या काळात बचत-नि-सहाय्य योजनेतून कुटुंबाला थोडा आधार मिळतो. या सभासदांत विस्थापितांची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्यांच्या आजोबांची शेती तळाशी गेली, ते नातू त्याच शेतावर जाळे टाकतात.

मात्र गेल्या दशकात गोविंदसागरचे उत्पादन बरेच खाली आले. वरच्या अंगाला झालेले कोलधरण, चौपदरी महामार्गाच्या बांधकामाचा जलाशयात पडलेला राडारोडा, गाळ आणि घटलेला साठा अशी कारणे काठावर ऐकायला मिळतात. निवृत्तीनंतर बिलासपूरला गेलो असता एका वयस्क मच्छिमाराने मला जे सांगितले, ते कोणत्याही अहवालातील परिच्छेदाइतके मोलाचे वाटले. मे महिन्यात जाळे जड लागते म्हणून खाते खूश होते, पण त्या वेळी पाणी आटून मासा दाटीने एकत्र आलेला असतो, त्यामुळे ती सुबत्ता नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. मासेमारीशास्त्रही हेच सांगते. पातळी खाली गेली की प्रत्येक जाळ्यामागे मिळणारी मासळी वाढते, मोठे प्रजननक्षम मासे सहज सापडतात आणि पुढच्या पिढीचे भांडवल खर्ची पडते. मासिक आकडेवारी पातळीशेजारी ठेवून वाचली नाही, तर हा तोटा नफ्यासारखा दिसतो.

उघड्या पडलेल्या जमिनीचा प्रश्न

पाणी उतरले की मासेमारीइतकाच दुसरा एक प्रश्न वर येतो. तो शेजारच्या बियास नदीवरील पोंग जलाशयावर, म्हणजे महाराणा प्रताप सागरावर, अधिक तीव्र आहे. 1970 च्या दशकात भरलेल्या या जलाशयाने सुमारे 20 हजार कुटुंबांना उठवले. त्यांतील पात्र कुटुंबांना राजस्थानात जमिनी द्यायच्या होत्या. ते पुनर्वसन अर्धशतकानंतरही पुरते मिटलेले नाही. पाणी उतरल्यावर येथे हजारो एकर गाळाची जमीन उघडी पडते आणि जुन्या मालकांपैकी काही जण तेथे गहू पेरतात. दुसरीकडे हे क्षेत्र वन्यजीव अभयारण्य आहे, 2002 पासून रामसर स्थळही आहे, आणि हिवाळ्यात पट्टकदंब हंसांसह लाखभर स्थलांतरित पक्षी याच ओल्या गाळावर उतरतात. कायद्याने तेथे शेतीला मनाई आहे. प्रत्यक्षात शेती होते, तक्रारी होतात, पिकानंतरची धसकटे जाळताना घरटी जळतात, कारवाई होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडते.

मराठी वाचकाला या जमिनीची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. महाराष्ट्रात तिला गाळपेर जमीन म्हणतात. उजनी, जायकवाडी यांच्या काठी ती हंगामापुरती देण्याची, देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य देण्याची आणि दुष्काळात तिच्यावर चारा घेण्याची पद्धत आहे. ती व्यवस्था निर्दोष आहे असे नाही; अतिक्रमणे आणि भाडेपट्ट्यांचे वाद तेथेही आहेत. पण भाषेने त्या जमिनीला नाव दिले आहे आणि प्रशासनाने तिला नोंदवहीत जागा दिली आहे. उत्तरेतील अनेक जलाशयांवर ही जमीन कागदोपत्री पाण्याखालीच असते, जणू ती वर्षातून सहा महिने उघडी पडतच नाही.

मध्य प्रदेशातील तवा जलाशयाचा अनुभवही येथे आठवतो. 1996 मध्ये तेथील विस्थापित आदिवासींच्या सहकारी संघाला मासेमारीचा पट्टा मिळाला, 2001 मध्ये त्याचे नूतनीकरण झाले आणि त्या दहा वर्षांत संघाने ठेकेदाराविना जलाशय चालवून दाखवला. 2006 च्या अखेरीस, वन्यजीव संरक्षणाच्या कारणावरून, तो पट्टा पुढे चालू राहिला नाही. काठावरच्या माणसाचा हक्क आपल्याकडे प्रत्येक मुदतीच्या शेवटी नव्याने सिद्ध करावा लागतो.

उसना घेतलेला नमुना

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट खुपते. स्वातंत्र्योत्तर काळातील आपल्या नदीखोरे नियोजनावर अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाची दाट छाया होती. 1948 चे दामोदर खोरे महामंडळ त्याच नमुन्यावर उभे राहिले. भाक्राच्या बांधकामावर हार्वी स्लोकम हा अमेरिकी तज्ज्ञ होता. धरण कसे बांधावे हे आपण तेथून शिकलो. पण त्याच टेनेसी प्राधिकरणाची एक प्रथा आपण घेतली नाही. वसंतात पाण्याचे तापमान माशांच्या प्रजननास योग्य अंशापर्यंत पोहोचले की हे प्राधिकरण आपल्या उपनद्यांवरील जलाशयांची पातळी सुमारे दोन आठवडे शक्य तितकी स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करते. वीज, पूरनियंत्रण आणि जलवाहतूक सांभाळून हे केले जाते. पंधरा दिवसांचा तो संयम मत्स्यबीजाच्या कितीतरी खेपांचे काम करतो.

आपल्या परंपरेतही याला आधार आहे. दहाव्या शतकातील उत्तरमेरूरच्या शिलालेखांत गावसभेच्या समित्यांमध्ये तलावासाठी स्वतंत्र समिती नेमलेली दिसते. विदर्भातील माजी मालगुजारी तलावांवर धानाचे पाणी आणि धिवरांची मासळी यांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्या घातला गेला. तलाव लहान होते आणि निर्णय काठावरच होत, म्हणून हे शक्य झाले असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण जलाशय मोठा झाला म्हणून काठावरच्या माहितीची गरज संपली, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

काय करता येईल

प्रथम एक शंका स्पष्टपणे मांडतो, कारण कोणताही जलसंपदा सचिव ती मांडील. भाक्राच्या पाण्यावर तीन राज्यांची शेती आणि दिल्लीसकट अनेक शहरे अवलंबून आहेत. काही हजार मच्छिमार कुटुंबांसाठी त्यांचे पाणी रोखायचे काय? उत्तर सरळ आहे: नाही. गव्हाच्या शेवटच्या पाळीपेक्षा सायप्रिनसची अंडी श्रेष्ठ, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एकूण पाण्याच्या वाटणीचा नसून पाणी उतरण्याच्या वेगाचा, वेळेचा आणि पूर्वसूचनेचा आहे. तेवढ्या मर्यादेत चार गोष्टी करण्यासारख्या आहेत.

पहिली, दरमहा विसर्ग ठरवणाऱ्या तांत्रिक समितीच्या बैठकीस हिमाचलच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा प्रतिनिधी निमंत्रित म्हणून असावा आणि पातळीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत माशांवरील परिणामाचे एक पान जोडले जावे. त्याला मताधिकार नसला तरी चालेल. नोंद तरी होईल. दुसरी, रब्बीची पिके पक्व होऊन सिंचनाची मागणी उतरते आणि खरिपाची अजून उभी राहिलेली नसते, अशा दिवसांत दहा-बारा दिवस पातळी उतरण्याचा वेग कमी ठेवण्याचा प्रयोग दोन-तीन वर्षे करून पाहावा. भाक्रा आणि पोंग ही दोन धरणे एकाच मंडळाकडे आहेत. दोघांच्या विसर्गाचा काही प्रमाणात मेळ घालता येतो. ज्या वर्षी पाणी तुटपुंजे असेल, त्या वर्षी प्रयोग स्थगित ठेवावा.

तिसरी, मासेमारीबंदी आणि बोटुकली सोडण्याच्या तारखा दिनदर्शिकेऐवजी पातळीशी जोडाव्यात. पाणी उशिरा चढले तर बंदीही पुढे सरकावी, आणि बंदीकाळाचे सहाय्य त्याप्रमाणे वाढावे. अत्यल्प पातळीच्या आठवड्यांत, मासा दाटीने सापडतो तेव्हा, मोठ्या माशांसाठी काही खोल डोह राखीव ठेवावेत. चौथी, उघड्या पडणाऱ्या जमिनीची मोजणी करून तिला महसुली नोंदीत हंगामी दर्जा द्यावा. कोणता पट्टा पक्ष्यांसाठी, कोणता विस्थापितांच्या बिनविषारी पिकासाठी, हे ग्रामसभा, वनखाते आणि मंडळ यांनी मिळून ठरवावे. त्यासाठी अभयारण्याच्या नियमांत बदल लागले, तर ते उघडपणे करावेत; डोळेझाक हे धोरण होऊ शकत नाही.

यांतील एकाही गोष्टीसाठी मोठा निधी लागत नाही. 2020 मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेची व्याप्ती 20,050 कोटी रुपयांची होती. तिच्यातून पिंजरे आले, बीजकेंद्रे आली, शीतसाखळी आली. पण राज्यघटनेने मासेमारी राज्यसूचीत ठेवली आणि आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार संघसूचीत दिला. या दोन सूचींच्या मधल्या पोकळीत जलाशयाची पातळी पडून आहे. पिंजऱ्यात वाढवलेला मासादेखील पाणी किती उतरणार यावरच जगतो.

पातळीचा प्रश्न आता केवळ माशांचाही उरलेला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये पोंगचे पाणी 1,390 फुटांची मर्यादा ओलांडून बरेच वर गेले आणि सोडलेल्या पाण्याने कांगडा व पंजाबातील खालची गावे बुडाली. 2025 च्या पावसाळ्यातही ती मर्यादा ओलांडली गेली आणि पंजाबने 1988 नंतरचा सर्वांत भीषण पूर पाहिला. पाऊस कमी दिवसांत अधिक पडू लागला आहे, हिमनद्या आक्रसत आहेत, आणि भरण्या-उतरण्याची जुनी सारणी पुन्हा लिहावी लागणार, हे अभियंतेही मान्य करतात. 1988 नंतर ती खालच्या बाजूच्या लोकांच्या आक्रोशाने बदलली होती. आता ती लिहिताना वरच्या काठावरचे मच्छिमार आणि गाळावर पेरणी करणारे विस्थापित त्या बैठकीत बसलेले असावेत. साठ वर्षे पाण्याच्या चढउताराशी जुळवून घेत त्यांनी जे ज्ञान साठवले आहे, ते नव्या सारणीला उपयोगी पडेल.